चंद्रप्रभाची पत

७ जून १९५७, शुक्रवार

ही डायरी जानेवारीत बँकेतून मिळाली. पाच महिने सुहासिनीने तिच्यात दुधाचा हिशेब लिहिला. आता तो हिशेब भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेल्यामुळे उरलेली पानं नवऱ्याच्या वाट्याला आली आहेत.

आज शाखेचा शुक्रवारचा तक्ता मी पहिल्यांदाच एकट्याने केला. आमच्या घाटकोपर शाखेने एकूण किती कर्ज दिलं आहे तो आकडा दर शुक्रवारी मुख्य कचेरीत जातो. तिथून तो इतर शाखांच्या आकड्यांत मिसळून रिझर्व्ह बँकेकडे जातो, आणि शेवटी देशभरच्या बँकांचा मिळून एकच आकडा तयार होतो. दिल्लीतले मोठे लोक तो वाचून देशाची तब्येत ओळखतात. त्यात चिमूटभर का होईना, श्यामसुंदर टिपणीसच्या हातचं काही असतं. मला त्याचा अभिमान वाटतो आणि तो मी लपवत नाही.

माझं मत सरळ आहे. कारखानदार कर्ज कधी उचलतो? काम वाढलं की. बँक ते कधी देते? भरवसा असला की. म्हणजे कर्जाचा आकडा चढता असेल तर देश चढता. मी चौकटीचा कागद आणून त्यावर आमच्या शाखेची रेघ काढायला घेतली आहे. सुहासिनी म्हणाली, दुधाचं बिलही दर महिन्याला चढतंय, मग आपणही चढतोय म्हणायचं का. बायकांना अर्थशास्त्र शिकवणं कठीण.

१४ जून, शुक्रवार

आमच्या शाखेचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे आग्रा रोडवरची, भांडुपच्या अलीकडची चंद्रप्रभा इनॅमल कंपनी. ताटं, मग, टमरेलं करते. तिच्याकडे आमचे तीन लाख दहा हजार आहेत. तयार माल गोदामात जातो, गोदामाला आमच्या बँकेचं कुलूप असतं आणि दारावर आमची पाटी. मालाच्या किमतीच्या शंभराला पंचाहत्तर रुपये आम्ही देतो. जितका माल आत, तितकं कर्ज बाहेर.

कंपनीने पाठवलेली मालाची यादी मी आज दोनदा तपासली. जुन्या आण्यांचे नये पैसे करताना त्यांच्या कारकुनाने सदतीस नये पैशांची चूक केली होती. ती मी पकडली. आमचे एजंट विजयकरसाहेब हसले आणि म्हणाले, "टिपणीस, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून आम्ही शांत झोपतो." शाखेच्या मुख्य साहेबाने असं म्हणावं ही लहान गोष्ट नाही.

२ जुलै, मंगळवार

कुंदाच्या विम्याचे पैसे अखेर आले. चार हजार. माझे मेहुणे जाऊन दोन वर्षं होतील, तेवढा काळ ती एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत हेलपाटे घालत होती. धाकटी बहीण, पण माझ्यापेक्षा चिवट.

ती आणि तिची लेक शुभा आमच्या स्वयंपाकघरात झोपतात. सुहासिनी तिला कधी वावगं बोलली नाही, उलट दोघींचं गूळपीठ आहे. पण कुंदाच्या डोक्यात एकच आहे: मुलुंडला पूर्वेकडे जी सहकारी सोसायटी होते आहे, तिथल्या दोन खोल्या. सभासदत्वाचे पैसे तिने बालवाडीच्या पगारातून कधीच भरले. फेब्रुवारीत ताबा मिळेल तेव्हा चार हजार रोख द्यायचे, बाकीचे हप्त्याने. आज तिने मला त्या खोल्यांचा नकाशा दाखवला. मोरी कुठे, ओटा कुठे, शुभाचं टेबल कुठे. "दादा, माझ्या दाराला माझं नाव लावणार," म्हणाली. मला भरून आलं.

१९ जुलै, शुक्रवार

साहेबांनी चंद्रप्रभाच्या गोदामावर पाठवलं. तिथे आमचा शिपाई लवू परब किल्ल्या सांभाळतो. पूर्वी तो त्याच कारखान्यात भट्टीवर होता, छातीच्या दुखण्यामुळे सुटला आणि विजयकरसाहेबांनी त्याला ठेवून घेतलं. आत पेट्यांच्या थप्प्या पार छताला लागल्या आहेत. आणखी एक शेड भाड्याने घेतली आहे, तीही भरत आली. मी पेट्या मोजल्या, यादीशी ताडून पाहिल्या. एकही कमी नाही.

मी लवूला म्हटलं, कंपनीची भरभराट दिसते. तो बिडी विझवून म्हणाला, "साहेब, गिऱ्हाईक खंय आसा? ह्यो सगळो माल तुमच्या कुलपासाठीच करतत."

कोकणातली माणसं तिरकस बोलतात. मी मनावर घेतलं नाही. मात्र एक खरं, गोदामात पेट्यांत भरलेल्या पेंढ्याचा वास जुना येत होता.

१० ऑगस्ट, शनिवार

चंद्रप्रभाच्या कर्जाची मर्यादा साडेपाच लाख केली. पहिली मर्यादा महिनाभरात संपली होती, कारण माल वाढला. पगार, पत्रे, कोळसा, सगळं आमच्याच खात्यातून जातं. जुन्या कर्जावरचं व्याजसुद्धा कंपनीने नव्या उचलीतून वेळेवर भरलं. असं शिस्तीचं गिऱ्हाईक विरळा.

माझी रेघ आता कागदाच्या वरच्या कडेला टेकली आहे. वर दुसरा कागद चिकटवला.

१ सप्टेंबर, रविवार

आज गणेशोत्सवात माझं व्याख्यान झालं. विषय: कंपन्यांचं कर्ज ही देशाची नाडी. मंडपात दीडशे माणूस होतं आणि पोरं सोडून कोणी उठून गेलं नाही. कागद फळ्यावर लावून रेघ दाखवली. ओघात चंद्रप्रभाचं नावही निघून गेलं. गिऱ्हाइकाचं नाव घ्यायचं नसतं, पण आपल्या भागातला कारखाना, तीन महिन्यांत बँकेची पत जवळपास दुप्पट, यापेक्षा चांगलं उदाहरण कुठून आणणार?

शेवटी अण्णा राजवैद्य उभे राहिले. ऐंशीच्या घरातले, पण अजून नाडी बघतात. म्हणाले, "टिपणीस, नाडी जोरात दोघांची चालते. धावणाऱ्याची आणि तापाने फणफणलेल्याची. तुमच्या रेघेत तो फरक कुठे दिसतो?"

लोक हसले. मीही हसलो आणि म्हटलं, अण्णा, बँक आजाऱ्याला कर्ज देत नाही. टाळ्या पडल्या. नंतर प्रसाद घेताना पाच-सहा जणांनी गाठलं: चंद्रप्रभा लोकांकडूनही ठेवी घेते, शेकडा साडेसात देते, पैसे ठेवावेत का? मी म्हटलं, बँकेने साडेपाच लाख ठेवलेत, तुम्ही ठरवा.

६ सप्टेंबर, शुक्रवार

व्याख्यानाची बातमी साहेबांपर्यंत गेली. गिऱ्हाइकाचं नाव घेतलं म्हणून आता खरडपट्टी निघणार असं वाटत होतं. उलट त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, मुख्य कचेरीचं पत्र आहे, रिझर्व्ह बँक सांगते पत आवळा, परदेशी चलनाची टंचाई आहे. तेव्हा चंद्रप्रभाने आता थोडे पैसे लोकांकडून उभे करावेत, हे सर्वांच्याच हिताचं. "तुमच्यावर लोकांचा विश्वास आहे, टिपणीस. कोणी विचारलं तर खरं ते सांगत चला."

खरं ते सांगायला मला काय अडचण आहे? ठेवीचे छापील अर्जही त्यांच्याच टेबलावर होते. जाताना त्यांनी पन्नासेक माझ्या हातात दिले.

१२ सप्टेंबर, गुरुवार

घरात थोडा वाद झाला. कुंदाचे चार हजार पोस्टात अडीच टक्क्यांनी पडून आहेत. फेब्रुवारीपर्यंत चंद्रप्रभात ठेवले तर व्याजात ओट्याची फरशी निघेल. कंपनी सहा महिन्यांची ठेव घेत नाही, वर्षाचीच घेते, पण महिन्याची सूचना दिली की मधेही परत करते, असं त्यांचा कॅशिअर तोंडी म्हणाला.

सुहासिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिचं म्हणणं, तुमची बँक कुलूप लावून, पाटी ठोकून पैसे देते, आणि वन्संनी नुसत्या कागदावर द्यायचे का? मी म्हटलं, कुलूप म्हणजे अविश्वास नव्हे, रीत आहे. ती म्हणाली, "मग तीच रीत वन्संच्या पैशांना का नाही?" यावर मी थोडा चिडलो. सव्वीस वर्षं मी बँकेत काढली, तिने नाहीत.

कुंदाने दोघांकडे पाहिलं आणि म्हणाली, दादा सांगतोय तर ठेवू. संध्याकाळी अर्जावर सही केली.

१६ सप्टेंबर, सोमवार

कुंदाचा चेक चंद्रप्रभाच्या खात्यावर आमच्याच शाखेत जमा झाला. खतावणीत मीच चढवला. कंपनीच्या नावे तेवढं कर्ज कमी झालं. त्याच पानावर आमच्या गल्लीतली आणखी तीन नावं होती. ओळखीची अक्षरं, ओळखीच्या सह्या. बरं वाटलं.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

एक कोडं. चंद्रप्रभाचं कर्ज साडेपाचवरून चार लाख वीस हजारांवर उतरलं. ठेवी येतात त्या खात्यात पडतात आणि साहेब नवी उचल देत नाहीत. माझी रेघ पहिल्यांदाच खाली वाकली.

दुपारभर विचार केला. वर जाणारी रेघ चांगली असं मी म्हणत आलो, मग ही वाईट म्हणायची का? नंतर उलगडा झाला. कर्ज वाढतं तेव्हा पत वाढते, आणि कर्ज फिटतं तेव्हा ती सिद्ध होते. दोन्ही चांगलंच. हे अण्णांना सांगायला हवं. त्यांनीही गेल्या आठवड्यात हजार रुपये ठेवले. मी विचारलं, आता शंका नाही का? म्हणाले, शंका आहे, पण आकडे तुमच्याजवळ आहेत.

२० ऑक्टोबर, रविवार

दिवाळी परवावर आली. दारावर बोहारीण आली होती. सुहासिनीने माझा एक विटका सदरा दिला आणि त्यावर चार इनॅमलची ताटं मिळाली. कोरी करकरीत, मागे चंद्रप्रभाचा चंद्र. एका सदऱ्यावर चार! मी तिला म्हटलं, बघ, माल घरोघर पोचला. ताट उलटसुलट करून तिने विचारलं, हे तुमच्या यादीत कितीला असतं. मी सांगितलं, एक रुपया साठ नये पैसे. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला उगाचच अपराधी वाटलं. मग ती चारही ताटं तिने माळ्यावर टाकली. रोजच्याला तिने ॲल्युमिनियमची घेतली आहेत, इनॅमलचा टवका उडाला की आत गंजतं म्हणते.

ही ताटं बोहारणीकडे कुठून आली? गोदामाला तर आमचं कुलूप आहे. बहुधा साहेबांनीच काही माल विकायला सोडवला असेल. विचारीन.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

विचारलं. साहेब म्हणाले, माल विकून कर्ज वळतं करायला परवानगी दिली आहे. मिळेल त्या भावाने का, हे मी विचारलं नाही. कर्ज दोन लाखांवर आलं.

भांडुपला रात्रपाळी बंद झाल्याचं लवू सांगत होता. मी म्हटलं, दिवाळीनंतर मंदी असतेच. तो म्हणाला, "साहेब, भट्टी एकदा थंड झाली की परत पेटवूक पंधरा दिवस लागतत. सहज कोण थंड करता?"

दोन महिन्यांच्या व्याजाचा चेक मात्र कुंदाला वेळेवर आला. पन्नास रुपये. तिने त्यातून शुभाला दप्तर आणलं. मी सुहासिनीला ते दप्तर मुद्दाम दाखवलं.

१३ डिसेंबर, शुक्रवार

आज आनंदाचा दिवस. चंद्रप्रभाचं खातं शून्यावर आलं. संपूर्ण कर्ज फिटलं! साहेबांनी लवूकडून किल्ल्या परत घेतल्या, कुलूप काढलं, गोदामावरची आमच्या बँकेची पाटी उतरवून शाखेत आणली. जिन्याखाली ठेवली आहे.

येताना पेढे आणले. ज्या कंपनीवर एका पैशाचं कर्ज नाही, तिच्यात कुंदाची ठेव आहे. यापेक्षा सुरक्षित काय असणार? कुंदाने पेढा खाल्ला. सुहासिनीने हातात धरून ठेवला आणि विचारलं, "पाटी काढली? मग आता तिथे बँकेचं काहीच नाही?" मी म्हटलं, काहीच नाही. तिने पेढा परत खोक्यात ठेवला आणि वन्संना म्हणाली, उद्याच पैसे परत मागण्याची सूचना द्या. मला राग आला, पण आनंदाच्या पेढ्यांवर भांडण नको म्हणून गिळला.

१४ डिसेंबर, शनिवार

कुंदाने सूचना दिली. कंपनीतून सूचनेची पोच घेतली, कॅशिअर नव्हता. रात्री मला नीट झोप लागली नाही. कारण काही नाही.

२ जानेवारी १९५८, गुरुवार

या डायरीच्या मागे कोरी पानं आहेत, तिथेच लिहितो. शाखेत जाण्याआधी आज मुद्दाम बस भांडुपपर्यंत घेतली. चंद्रप्रभाच्या धुराड्यातून धूर नव्हता. फाटक उघडं होतं. गुरखा म्हणाला, भट्टीची दुरुस्ती आहे. मला हायसं वाटलं, आणि हायसं का वाटावं हे कळेना.

७ जानेवारी, मंगळवार

फाटक बंद. आतून साखळी, बाहेर कागद: कंपनीने व्यवहार थांबवले आहेत, ठेवीदारांनी आपले दावे वकिलाकडे नोंदवावेत. बाहेर दोन-अडीचशे माणसं उभी होती. कामगारही, त्यांना दोन महिन्यांचा पगार नाही. कोणी ओरडत नव्हतं. मला पाहून आमच्या गल्लीतल्या माणिकबाई पुढे आल्या, शिवणकामाचे सहाशे रुपये त्यांनी ठेवले होते. म्हणाल्या, बरं झालं तुम्ही आलात, आता आत जाऊन विचारा.

मी आत जाऊ शकत नव्हतो. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वास बसला नाही.

९ जानेवारी, गुरुवार

साहेबांना भेटलो. ते शांत होते. म्हणाले, "आपलं काही अडकलेलं नाही, टिपणीस. वेळेवर बाहेर पडलो." मी म्हटलं, पण ठेवीदार? ते म्हणाले, ठेवीदार बँकेचे नव्हेत, कंपनीचे. मग आवाज उतरवून, तुमचं कोणी होतं का त्यात? मी म्हटलं, बहीण. ते बराच वेळ टेबलावरचा रूळ सरळ करत राहिले. अरेरे, म्हणाले, मला सांगितलं असतं तर.

तर काय, हे मी विचारलं नाही. मला भीती वाटली की ते उत्तर देतील.

१२ जानेवारी, रविवार

सकाळपासून दारावर माणसं. मी सतरा घरं मोजली. अण्णा राजवैद्य स्वतः आले नाहीत, नातवाबरोबर निरोप पाठवला की मनाला लावून घेऊ नका. तो निरोप मला सगळ्यांत जड गेला.

दुपारी सगळे गेल्यावर कुंदा समोर बसली. रडली नाही. तिने विचारलं, "दादा, बँकेचे साडेपाच लाख फिटले ते कशातून?"

मी म्हटलं, काही मालाच्या विक्रीतून.

"आणि बाकीचे?"

मी म्हटलं, ठेवींतून.

"म्हणजे माझे चार हजार कंपनीत गेलेच नाहीत. तुझ्या बँकेत आले."

खतावणीचं ते पान माझ्या डोळ्यांसमोर होतं. तिने पुढे विचारलं, ते कोणी लिहून घेतले. मी खोटं बोललो असतो तर बरं झालं असतं. मी खरं सांगितलं.

१६ जानेवारी, गुरुवार

संक्रांत कशी गेली कळलं नाही. कुंदाने सोसायटीला पत्र दिलं. तिच्या खोल्या यादीतल्या पुढच्या माणसाला जातील. सभासदत्वाचे पैसे कापून परत मिळतील असं सेक्रेटरी म्हणाले. वकिलाकडेही जाऊन आलो. कंपनीचं जे उरलं ते आधी कामगारांना, मग सरकारला, मग सगळ्यांत शेवटी ठेवीदारांना. रुपयाला दोन आणे पडले तरी नशीब, आणि त्यालाही तीन-चार वर्षं लागतील.

चौकटीचा कागद फाडून टाकावा असं वाटलं. सुहासिनीने तो घडी करून ठेवला. म्हणाली, राहू दे, लोकांना दाखवलेला आहे.

ती मला एकदाही म्हणाली नाही की मी सांगितलं होतं. म्हटलं असतं तर मी भांडू तरी शकलो असतो.

२४ जानेवारी, शुक्रवार

आज तक्ता केला. शाखेचा आकडा घटण्याऐवजी वाढला आहे, कारण चंद्रप्रभाकडून सुटलेले पैसे साहेबांनी कुर्ला रोडवरच्या एका नव्या रंगाच्या कारखान्याला दिले. त्याच्या गोदामावर जिन्याखालची पाटी लागली. संध्याकाळी मुख्य कचेरीचं पत्र आलं. चंद्रप्रभा खात्याच्या संपूर्ण आणि वेळेवर वसुलीबद्दल शाखेचं कौतुक. विजयकरसाहेबांना बढती. माझीही शिफारस त्यांनी केली होती: मुख्य कचेरीच्या आकडेवारी खात्यात बदली, चाळीस रुपये वाढ.

पत्र खिशात घालून घरी आलो. ठरवलं होतं की राजीनामा लिहायचा. जेवण झाल्यावर दोघींना पत्र वाचून दाखवलं आणि म्हटलं, मी हे घेणार नाही, नोकरीच सोडतो.

कुंदा शुभाचं अंथरूण घालत होती, स्वयंपाकघरात, नेहमीच्या जागी. तिने चादरीचा कोपरा सरळ केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "सोडू नकोस, दादा. आता मी आणि शुभाही त्याच पगारावर आहोत."

सोमवारी रुजू व्हायचं आहे. सगळ्या शाखांचे शुक्रवारचे तक्ते एकत्र करून रिझर्व्ह बँकेला पाठवायचं काम माझ्याकडे येणार आहे.